रस्त्यावरील जागेचें भाडें

पुण्याच्या जुन्या पेठांतून संध्याकाळीं पायीं जाणाऱ्याची स्थिति आपणांस ठाऊक आहे. पदपथ आहे, पण त्यावर दुचाकी उभ्या आहेत. खालीं उतरावें तर कडेला मोटारींची रांग. मग वाहनांच्या ओघांतूनच वाट काढावयाची! शाळेंतून येणारें मूल असो कीं काठी टेकणारे आजोबा, सर्वांस मार्ग तोच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ सालच्या मार्गदर्शक सूत्रांप्रमाणें पदपथावर निदान १.८ मीटर रुंदीची निर्वेध जागा हवी. दोन चाकांच्या खुर्च्या शेजारून जाऊं शकाव्यात, हा त्यांतील हिशेब.

यावर ‘अधिक पार्किंग द्या’ हा उपाय नेहमीं सुचविला जातो. मला तो उलटा वाटतो. एका मोटारीस उभें राहण्यास अडीच मीटर रुंद व पांच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. एवढी खोली भरवस्तींत काय भाड्यानें मिळेल, हें संसारी माणसास सांगावयास नको. तीच जागा रस्त्यावर फुकट मिळाली, तर मागणी पुरी व्हावी कशी? अमेरिकन प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनीं २००५ सालच्या आपल्या ग्रंथांत हा विषय सविस्तर मांडला. दर इतकाच असावा कीं, प्रत्येक रांगेंत एक-दोन जागा रिकाम्या राहाव्यात, असें ते म्हणत. म्हणजे जागेच्या शोधांत घिरट्या घालणाऱ्या गाड्या कमी होतात.

‘दर लावल्यास गिऱ्हाईक तुटेल’ ही दुकानदारांची भीति जुनीच आहे. कॅलिफोर्नियांतील पासाडेना शहराच्या जुन्या पेठेंत ती बोलून दाखविली गेली. पेठेस तेव्हां अवकळा आलेली होती. गंमत अशी कीं, दुकानांसमोरील सोयीच्या जागा गिऱ्हाइकांपेक्षां दुकानांतील नोकरांच्याच गाड्यांनीं अडत. दोन तासांची मर्यादा होती, म्हणून ते मधून मधून गाडी हलवीत! १९९३ सालीं तेथें पैसे टाकावयाचे मीटर बसले. विरोध मावळला तो एका वचनानें: मिळालेला पैसा त्याच पेठेच्या रस्त्यांवर खर्च होईल. त्यांतून पदपथ सुधारले, झाडें व दिवे लागले, मागच्या गल्ल्या स्वच्छ झाल्या. आपण टाकलेल्या नाण्याचें काय झालें, तें व्यापाऱ्यांस दारांतून दिसूं लागलें.

पुणें महानगरपालिकेनें मार्च २०१८ मध्यें पार्किंगचें धोरण मंजूर केलें. विरोधामुळें तें प्रथम पांच रस्त्यांपुरतें आखडलें आणि पुढें अंमलबजावणी रखडली. वाद दराचा झाला. पैसा कोठें जाणार, हा प्रश्न मागें पडला, असें मला वाटतें. ११ डिसेंबर २०२१ रोजीं मात्र पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा कांहीं भाग वाहनांस बंद ठेवण्यांत आला, आणि गजबजलेल्या त्या रस्त्यावर लोक मधोमध चालले.

रोजच्या व्यवहारांत असें घडविण्यास एक दिवसाचा उत्सव पुरत नाहीं. पुण्यांत अंदाजपत्रकासाठीं नागरिकांकडून कामें सुचवून घेण्याची प्रथा २००६ मध्यें सुरू झाली. ‘पदपथ नीट करा’ असें मोघम लिहूं नये. शेजाऱ्यांनीं मिळून टेप घेऊन आपल्या रस्त्याची रुंदी मोजावी, सकाळीं व संध्याकाळीं उभ्या गाड्या मोजाव्यात, कोणत्या घरापासून कोणत्या चौकापर्यंत चालतां येत नाहीं तें नोंदवावें, आणि तो कागद क्षेत्रीय कार्यालयांत देऊन पोंच घ्यावी.