ऋतुपूर्व लक्षणसमूह : संज्ञा आणि स्वरूप

मराठीत ऋतुकालवाचक शब्दांची वाण नाही. ‘पाळी’, ‘विटाळ’, ‘अडचण’, ‘कावळा शिवणे’, ‘बाहेरची असणे’ असे अनेक प्रयोग लोकव्यवहारात रूढ झाले. परंतु ऋतुस्रावापूर्वीच्या दिवसांत कित्येक स्त्रियांना जो त्रास होतो, त्यास तितका रूढ शब्द लाभलेला नाही. याचे एक कारण उघड दिसते. यांतील बहुतेक प्रयोग शिवाशिवीच्या आचाराशी निगडित आहेत. आणि तो आचार स्राव सुरू झाल्यावरच लागू होई.

वैद्यकातही ही संज्ञा फार जुनी नाही. न्यूयॉर्कचे रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ साली या अवस्थेस ‘ऋतुपूर्व ताण’ म्हटले. १९५३ साली रेमंड ग्रीन व कॅथरिना डाल्टन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ‘ताणा’ऐवजी ‘सिंड्रोम’, म्हणजे लक्षणसमूह, हा शब्द योजला. कारण ताण हे अनेक लक्षणांपैकी केवळ एक होय.

चिडचिड, उदासीनता, अस्वस्थता, रडू येणे, निद्रेत व भुकेत बदल ही मानसिक व वर्तनविषयक लक्षणे. स्तनांत दुखरेपणा, पोट फुगणे, डोकेदुखी व थकवा ही शारीरिक. यांपैकी एकही लक्षण या विकाराचेच असे नाही. निर्णायक ठरतो तो काल. बीजविमोचनानंतर लक्षणे उद्भवतात व स्राव सुरू होताच काही दिवसांत ओसरतात. ती महिनाभर टिकत असतील, तर कारण अन्यत्र शोधावे लागते. म्हणूनच निदानासाठी निदान दोन ऋतुचक्रांची दैनंदिन नोंद आवश्यक मानतात.

या स्त्रियांत संप्रेरकांचे प्रमाण सामान्यतः इतरांसारखेच आढळते. त्यांच्या स्वाभाविक चढउतारांना मेंदू अधिक संवेदनशील असतो, असे आज मानले जाते. तीव्र प्रकारास अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली अवसादविकारांत स्वतंत्र स्थान दिले. त्यावर औषधोपचार उपलब्ध आहेत.

नाव नसले की त्रास स्वभावदोषात जमा होतो आणि स्त्री वैद्याकडे जात नाही. उलटपक्षी, नाव रूढ झाले की स्त्रीचा रास्त संतापही त्याच्याच खाती टाकण्याचा मोह होतो. हे दोन्ही प्रमाद टाळावयाचे, तर संज्ञेबरोबर तिची कालमर्यादाही ध्यानी ठेविली पाहिजे.