‘कान फुटला’ : कर्णरोगांच्या संकेतनातील भाषांतर

‘कान फुटला’ असे मराठी घरात म्हटले जाते, तेव्हा कानातून पू वाहू लागला आहे एवढे ऐकणाऱ्याला कळते आणि त्याच्यापुरते ते पुरेसे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत मात्र या एका वाक्प्रयोगाला चार वाटा फुटतात. मध्यकर्णाचा पूयुक्त दाह एच ६६ मध्ये, पडद्याचे छिद्र एच ७२ मध्ये, नुसता स्राव एच ९२.१ मध्ये, आणि थप्पड बसून पडदा फाटला असेल तर तो कानाच्या प्रकरणात राहतच नाही, एस ०९.२ म्हणून दुखापतींमध्ये जातो. रोगप्रक्रिया, रचना, लक्षण आणि प्रसंग असे चार भिन्न निकष या व्यवस्थेत शेजारी नांदतात.

संकेतन म्हणजे नावाला आकडा चिकटवणे नव्हे. ते भाषांतरच आहे, पण अर्थ लावण्याची मुभा नसलेले. डॉक्टरने केवळ ‘कान वाहतो’ असे नोंदवले तर संकेतन करणाऱ्याने अनुमानाने निदान घालावयाचे नसते. त्याच्या हाती एच ९२.१ उरतो. मोजणीत लक्षण येते, रोग येत नाही.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कर्णरोग २८ सांगितले आहेत. त्यांत भेरी, मृदंग, शंख यांसारखे ध्वनी ऐकू येणे तो कर्णनाद, तर वेणूसारखा स्वर ऐकू येणे तो कर्णक्ष्वेड. हे दोन स्वतंत्र रोग होत. साहित्याच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे, कारण उपमा ही येथे अलंकार नसून निदानाचे साधन आहे. दहाव्या आवृत्तीत दोहोंनाही एच ९३.१, म्हणजे टिनिटस. नादाची जात पुसली जाते.

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू असलेले याच आवृत्तीचे विस्तारित रूप बाजू विचारते : एच ९३.११ उजवा कान, एच ९३.१२ डावा. शस्त्रक्रियांसाठी तेथील वैद्यक संघटनेची यादी वेगळी आहे. पडद्यात नळी बसवण्याची कृती एकच. भूल स्थानिक असेल तर ६९४३३, संपूर्ण असेल तर ६९४३६. देयक या संकेतावर अवलंबून असल्याने हा भेद केवळ शाब्दिक राहत नाही.

१० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्लीत अकराव्या आवृत्तीचा आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या संज्ञांचा विभाग जाहीर झाला. हे संकेत आधुनिक निदानाच्या जागी नव्हे, तर त्याच्या जोडीने द्यावयाचे आहेत. मूळ आणि अनुवाद समोरासमोर छापलेल्या द्विभाषिक आवृत्तीशी याचे साम्य आहे. तथापि शास्त्रीय संस्कृत संज्ञेला मिळालेले हे स्थान रुग्णाच्या बोलीला मिळत नाही. ‘कानाला दडे बसले’ ही तक्रार साचलेल्या मळाच्या एच ६१.२ कडे न्यावी की कर्णनलिकेच्या अवरोधाच्या एच ६८ कडे, हे कान तपासल्यावाचून ठरत नाही.