टायर केवढा, रिम केवढी?

रामवाडीत एस.टी.चे विभागीय कार्यालय असल्यामुळे टायर, रिम, पंक्चर हे शब्द येथील मंडळींना नवे नाहीत. परंतु जीपगाडीला जाड टायर चढविण्याची जी हौस अलीकडे बोकाळली आहे, तिच्यामागचा हिशेब फार थोड्यांना ठाऊक असतो. तोच आज आम्ही मांडणार आहोत.

प्रथम रिमची रुंदी म्हणजे काय ते पाहू. रिमच्या दोन उभ्या कडांमधले आतले अंतर, ती तिची रुंदी. टायरच्या दोन्ही काठांत पोलादी तार असते. तिला कामगार बीड म्हणतात. हे बीड त्या कडांना आतून टेकून बसतात. टायरचा फुगवटा मात्र त्याहून रुंद असतो. किती रुंद? मालमोटारीच्या १०.००-२० टायरचे माप १० इंच, त्याची रिम साडेसात इंच. १९४० च्या दशकाअखेरीस मुंबईत जोडल्या जाऊ लागलेल्या विलिस जीपचा टायर ६ इंची, रिम साडेचार इंची. दोन्हीकडे प्रमाण एकच : रुपयाला बारा आणे!

आता २३५/७० आर १६ हा आजचा जाड टायर घ्या. २३५ मिलिमीटर म्हणजे सव्वानऊ इंच. त्याला ७ इंची रिम उत्तम. ६ ते ८ इंचांपर्यंत चालते. तोच टायर जुन्या जीपच्या साडेचार इंची रिमवर चढविला, तर रुपयाला आठ आणेही पडत नाहीत. बीड आवळले जातात, टायरचा मधला भाग फुगतो, नक्षी मध्येच झिजते, आणि कार्लेखिंडीच्या वळणावर गाडी डुलू लागते. उलट अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसविला, तर रिमची कड उघडी पडते आणि दगडाचा मार थेट तिच्यावर बसतो.

वाळूत किंवा चिखलात गाडी घालताना टायरची हवा कमी करतात. बीडला रिमवर दाबून धरते ती हवाच. ती कमी असताना माप चुकलेले असेल, तर वळताना बीड सुटण्याचा धोका वाढतो.

श्रोतेहो, आमचा खरा मुद्दा पुढेच आहे. हौस मालकाची, पण जीव धोक्यात येतो तो टायर चढविणाऱ्याचा. माप न जुळल्याने बीड बसत नाही. गिऱ्हाईक घाई करते. कारागीर हवा वाढवीत जातो. मोटारीच्या वा जीपच्या टायरचे बीड बसविताना ४० पौंडांच्या पुढे हवा भरू नये, असा दंडक आहे. तेवढ्यात बीड बसला नाही, तर हवा सोडावी, साबणाचे पाणी लावावे, माप पुन्हा ताडून पाहावे. तार तुटली किंवा टायर फुटला, तर समोर वाकलेला माणूस वाचेलच असे नाही.

म्हणून टायर घेताना कंपनीच्या तक्त्यात रिमचे माप पाहा. आणि कारागीर 'हे बसणार नाही' म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. नाही म्हणण्याचा तो त्याचा हक्क आहे. त्यात तुमचीही सुरक्षितता आहे.