जमिनीचे गिरमिट

कुंपण घालायचे म्हणजे खड्डे आले. आपण हिशेब करू. एक एकराचा चौकोनी तुकडा घ्या. त्याचा घेर सुमारे ८३५ फूट भरतो. दर दहा फुटांवर एक खांब धरला, तर ८४ खड्डे झाले. पहारीने एवढे खड्डे खोदायचे म्हणजे कंबर मोडते. म्हणून आता ट्रॅक्टरला गिरमिट जोडतात. सुताराचे गिरमिट लाकडात भोक पाडते. हे जमिनीत पाडते.

ट्रॅक्टरच्या मागे एक फिरता दांडा असतो. त्याला पी.टी.ओ. म्हणतात. त्याची गती गिअरच्या पेटीत कमी होते आणि गिरमिट उभे फिरू लागते.

गिरमिट कोणते घ्यावे? खांब चार इंची असेल तर नऊ इंची गिरमिट पुरे. मग चारी बाजूंना माती ठासायला जागा राहते. झाडासाठी अठरा किंवा चोवीस इंची बघा. मात्र गिरमिट जेवढे मोठे, तेवढा ट्रॅक्टर दमदार हवा. काम एकदाचेच असेल तर विकत कशाला घ्यायचे? भाड्याने आणावे.

आधी जमिनीखाली पाण्याचा नळ किंवा विजेची तार नाही ना, ते पाहा. गिरमिट हळू फिरवा. थोडे खोल गेले की वर उचला, माती झाडा, पुन्हा उतरवा. एकदम खोल घातले तर ते रुतून बसते.

दगड लागला की एक लहान बोल्ट तुटतो. तो त्यासाठीच असतो. तो तुटला म्हणून पेटी वाचली. त्या जागी तसाच बोल्ट घाला. जास्त कडक घातला, तर बोल्ट टिकेल आणि पेटी फुटेल.

ओल्या काळ्या मातीत खड्ड्याच्या भिंती मडक्यासारख्या गुळगुळीत होतात. झाडाची मुळे त्यांत शिरत नाहीत. म्हणून वाफसा आल्यावरच खड्डे घ्या आणि भिंती पहारीने खरवडा.

आता सर्वांत महत्त्वाचे. जमीन कठीण लागली की कोणीतरी म्हणतो, "अरे, जरा वर उभा राहा, वजन पडू दे." असे कधीच करू नका! तो दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे तुम्ही 'एक' म्हणेपर्यंत नऊ फेरे होतात. धोतराचा सोगा, उपरणे, बाईचा पदर त्यात सापडला, तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. दांड्यावरचे झाकण काढू नका. गिरमिट अडकले, तर आधी इंजिन बंद करा, किल्ली खिशात घाला, मगच हात लावा. जमीन कठीण असेल तर खड्ड्यात पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी या. खड्डा एक दिवस थांबेल. गेलेला हात परत येत नाही.

संध्याकाळी उघडे खड्डे झाका. अंधारात पोरे आणि जनावरे त्यांत पडतात.

करून पाहा : आपल्या शेताचा घेर मोजा. किती खांब लागतील, ते पाटीवर लिहा.