दुभाजकावरची कण्हेर

सकाळी ६.१५
पुणे-सोलापूर महामार्गाच्या कडेला, भिगवणच्या अलीकडे पिकअप थांबते. चार बाया आणि दोन गडी उतरतात. एप्रिल आहे, आत्ताच अंगाला घाम आहे. बायांतली एक, सगळ्यांची मावशी, साडीवर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट चढवते. त्यावर नारंगी जॅकेट. ठेकेदाराने दिलेले हातमोजे कापडी, त्यातून कण्हेरीचा चीक आत झिरपतो. म्हणून तिने पदरचे साठ रुपये घालून रबरी घेतलेत.

आता रस्ता ओलांडायचा. मुकादम लाल झेंडा धरतो. दोन ट्रक, एक एसटी, एक मोटार जाऊ द्यायची. मग तो ओरडतो, "पळा!"

६.४०
टँकर दुभाजकाला चिकटून, म्हणजे सगळ्यात वेगाच्या लेनमध्ये उभा राहतो. मागे शंकू मांडलेत, टपावर पिवळा दिवा फिरतोय. बाया खुरप्याने आळी मोकळी करत पुढे, गडी पाइप धरून मागे, टँकर पावलापावलाने सरकतो. टाकी दहा हजार लिटरची. झाडाला साधारण दहा लिटर, दोन झाडांत दीड मीटर. म्हणजे एक खेप दीड किलोमीटरला पुरते. हा कागदावरचा हिशोब. पाइपाच्या जोडातून धार लागली आहे, त्याचं पाणी कुठल्याच आळ्यात जात नाही.

आळ्यात माती नावालाच, खाली मुरूम. गुटख्याच्या पुड्या, टायरचे तुकडे, बाटल्या. बाटल्या वेगळ्या पोत्यात जातात, भंगारवाला घेतो.

८.३०
पाणी पुढे गेलं, आता छाटणी. दोन्ही हातांची मोठी कात्री. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे रात्री डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून इथे झाडं आहेत. तेवढी उंची ठेवायची, वरचं उतरवायचं. जिथे वळायला कट आहे तिथे मात्र गुडघ्याएवढीच, नाहीतर ओलांडणारा माणूस दिसत नाही. कण्हेरीला फूल नव्या फुटीच्या शेंड्याला येतं. शेंडा गेला की फूल गेलं, पुढचा फुटवा येईपर्यंत. मावशी कळ्यांचा एखादा घोस उंचीत बसत असेल तर वाचवते. तसं करायला तिला कोणी सांगितलेलं नाही.

एका फांदीखाली चांदीच्या पत्र्यासारखा चकाकणारा कोष लटकलाय. काळपट तपकिरी फुलपाखराचा. त्याची अळी हे विषारी पान खाऊन वाढते. ती फांदी तशीच राहते.

१०.३०
रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. हात आधी साबणाने दोनदा धुतलेले. जेवण झाल्यावर नव्या पोराने दात कोरायला छाटणीतली काडी उचलली. मावशीने हातावर फटका मारून ती खाली पाडली.

"मरायचंय का? पान, फूल, मूळ, सगळं विषारी आहे त्याचं."

पोरगं वरमलं. ती मग माझ्याकडे वळून सांगते, "हिरव्याला शेरडं तोंड लावत नाहीत, दादा. पण वाळलेलं कडब्यात गेलं तर जनावर खातं. म्हणून इथं एक फांदी ठेवायची नाही. जाळायची पण नाही, धूर बाधतो."

चहा दहा रुपये. पिकअपचे रोजचे वीस. बाईची हजेरी चारशे, गड्याची पाचशे. कात्री दोघांच्या हातात एकच.

दुपारी १२.००
काम बंद. डांबर चपलेतून भाजतं. मी एक पान उलटून बघतो. जाड, चामड्यासारखं. पाठीला बारीक खळगे, खळग्यांत लव, आणि पानाची श्वास घ्यायची छिद्रं त्या लवेच्या आत दडलेली. वारा त्यांतलं पाणी सहज ओढून नेऊ शकत नाही. चिवट झाड. अणुबाँबनंतरच्या हिरोशिमात कण्हेर लवकर फुलली, म्हणून त्या शहराने १९७३ साली तिला आपलं फूल ठरवलं. तरीही इथे, तापलेल्या दोन रस्त्यांमधल्या मुरमात, लहान रोपं पाण्यावाचून उन्हाळा काढत नाहीत. गेल्या पावसाळ्यात लावलेल्यांपैकी काहींच्या जागी नुसत्या काठ्या उभ्या आहेत.

३.३०
फांद्या गोळा करून ट्रॉलीत. टाकण्याआधी मावशी बोटाएवढ्या जाडीचे, अर्धवट पिकलेले तुकडे निवडते. वीतभर लांब, डोळ्याच्या खाली काप, खालची पानं काढलेली. ओल्या गोणपाटात गुंडाळते. पिशव्यांत लावले की महिनाभरात मुळं धरतात, जूनमध्ये त्या काठ्यांच्या जागी जातील. गुलाबी वेगळे, पांढरे वेगळे. मोबदला हजेरीतच धरलेला.

५.४५
मुकादम वहीत टिक करतो. पगार शनिवारी.

"उद्या पलीकडची बाजू. पावणेसहाला या."

"येतो. पण पाइपाला वॉशर आणा आधी," मावशी म्हणते. "एवढं लांबून आणलेलं पाणी डांबरावर जातंय."

"सांगतो ठेकेदाराला."

"सांगू नका, आणा. तीस रुपयांचा येतो. नाहीतर मी आणते, हजेरीत धरा."