हवा ओढणारे पाणी

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यात ठिबकवर पऱ्हाटी घेणाऱ्या कास्तकाराला व्हेंच्युरी नवीन नाही. मुख्य पाइपच्या बाजूला बायपासवर बसवलेला, मधोमध निमुळता होत गेलेला हा प्लास्टिकचा तुकडा. त्याची बारीक नळी विद्राव्य खताच्या बादलीत सोडायची आणि मुख्य लाइनचा कॉक थोडा आवळायचा, की बादलीतले खत आपोआप पाइपात ओढले जाते. वेगळी मोटर लागत नाही. खत संपून बादली रिकामी झाली की तीच नळी हवा ओढू लागते आणि पाइपात बुडबुडे घुसतात. शेतात ही कटकट वाटते. मोठ्या हॉटेलांतल्या आणि उपचार केंद्रांतल्या ‘व्हर्लपूल’ टबात मात्र नेमके हेच घडवून आणण्यासाठी फवाऱ्याची रचना केलेली असते.

पाणी हवा का ओढते? समजा, १२ मिलिमीटर व्यासाची वाट पुढे ६ मिलिमीटरची झाली. व्यास निम्मा झाला म्हणजे क्षेत्रफळ चौथाई झाले. पाणी दाबून लहान होत नाही, त्यामुळे तेवढेच पाणी पुढे जायचे तर वेग चौपट व्हावा लागतो. सेकंदाला २ मीटरचा ८ मीटर होतो. या वाढीव वेगासाठी लागणारी ऊर्जा पाण्याच्या स्वतःच्या दाबातून खर्च होते. डॅनिएल बर्नुली यांनी १७३८ साली मांडलेल्या तत्त्वाने हिशोब केला, तर या उदाहरणात गळ्यातला दाब सुमारे ३ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा उतरतो. टबातला फवारा पाण्याखाली जेमतेम ३० सेंटीमीटरवर असतो. त्यामुळे गळ्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. तिथे भोक पाडून नळी टबाच्या काठावर आणली, की बाहेरची हवा स्वतःहून आत ढकलली जाते. निमुळत्या नळीतल्या प्रवाहाचा अभ्यास इटलीच्या जोव्हान्नी बातिस्ता व्हेंतुरी यांनी १७९७ मध्ये प्रसिद्ध केला. शेतातल्या त्या प्लास्टिकच्या तुकड्याला त्यांचेच नाव मिळाले आहे.

तत्त्व एक, कामे अनेक. फ्रान्सच्या आँरी जिफार यांनी १८५८ साली वाफेचा ‘इंजेक्टर’ शोधला. वाफेच्या झोताने बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे हे साधन पुढे जगभरच्या रेल्वे इंजिनांत बसले. वाफेवरची इंजिने यवतमाळकरांनी फार उशिरापर्यंत पाहिली आहेत. मूर्तिजापूर–यवतमाळ ‘शकुंतला’ रेल्वे १९९४ पर्यंत वाफेवरच धावत होती. स्वयंपाकघरातल्या गॅसच्या शेगडीतही बारीक छिद्रातून सुटलेला गॅस बाजूची हवा सोबत घेऊन बर्नरकडे जातो, म्हणून ज्योत निळी जळते.

टबाच्या फवाऱ्याचा इतिहास तर थेट विहिरीतूनच वर आला आहे. इटलीतून कॅलिफोर्नियात गेलेले जकुझी बंधू आधी विमानांचे पंखे आणि विमाने बनवत. १९२१ मध्ये विमान अपघातात एक भाऊ, जोकोन्दो, गेला आणि कुटुंबाने विमानांचा नाद सोडला. १९२६ च्या सुमारास राकेले जकुझी यांनी खोल विहिरीसाठी जेट पंप तयार केला. जमिनीवरचा पंप कितीही ताकदीचा असला, तरी नुसत्या ओढीने पाणी १० मीटरच्या आसपासच वर येऊ शकते, कारण वर ढकलण्याचे काम हवेचा दाब करतो आणि त्याची ताकद तेवढीच आहे. जेट पंपात एका पाइपने पाणी दाबाखाली खाली पाठवतात, तळाशी बारीक तोंडातून सोडतात, आणि तो झोत विहिरीतले पाणी सोबत घेऊन दुसऱ्या पाइपने वर येतो. आपल्याकडे बोअरमध्ये दोन पाइप उतरवून बसवलेला जेट पंप याच पद्धतीने चालतो.

पुढे कान्दिदो जकुझी यांच्या लहानग्या केनेथला संधिवाताने गाठले. दवाखान्यातला जलोपचार घरीही मिळावा म्हणून कुटुंबाने १९४० च्या दशकाच्या अखेरीस टबात सोडता येईल असा पंप बनवला. १९५६ मध्ये तो बाजारात आला. १९६८ मध्ये रॉय जकुझी यांनी टबाच्या भिंतीतच फवारे बसवले आणि त्यात पाणी व हवा जवळपास निम्मी-निम्मी मिसळली.

हवा मिसळल्याने काय साधते? पाण्याखाली सुटलेला निव्वळ पाण्याचा झोत एका जागी टोचतो. हवा मिसळली की तो रुंदावतो, फुटत-तुटत अंगावर येतो आणि त्वचेवर हलकी धडधड जाणवते. रचनेची खरी कसोटी इथे लागते. तोंड फार बारीक केले तर ओढ वाढते, पण पाणी कमी पडते. तोंड आणि पुढचा गळा यांतले अंतर चुकले तर हवेऐवजी टबातलेच पाणी उलटे नळीत शिरते. हवा जास्त झाली तर आवाज वाढतो, कारण प्रत्येक बुडबुडा आकाराप्रमाणे सूर काढतो: १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,३०० वेळा कंप पावतो. शिवाय बाहेरची थंड हवा गरम पाणी निववते. म्हणून हवेच्या नळीवर कमी-जास्त करायची चकती असते, पंप थांबल्यावर पाणी चढू नये म्हणून ती नळी पातळीच्या वर वळवलेली असते, आणि आत पाणी साचून जंतू वाढू नयेत म्हणून पाइपांना उतार देतात.

या सगळ्याची किंमत दाबात मोजावी लागते. ठिबकवरच्या व्हेंच्युरीला ओढ धरायला आत-बाहेर दाबात साधारण पाचव्या हिश्श्याचा तरी फरक लागतो. कॉक गरजेपेक्षा जास्त आवळला तर शेवटच्या लॅटरलवरची झाडे तहानलेली राहतात. टबाचा पंपही याच कारणाने दिसतो त्यापेक्षा मोठा घ्यावा लागतो.

बुडबुड्यांचा उपयोग अंग शेकण्यापुरता नाही. १ लिटर हवा २ मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यांत विभागली, तर तिचा एकूण पृष्ठभाग ३ चौरस मीटर होतो. एवढ्या पृष्ठभागातून प्राणवायू झपाट्याने पाण्यात विरघळतो. यवतमाळ–नांदेडच्या सीमेवर पैनगंगेचे पाणी सहस्रकुंडला कोसळते तेव्हा ते असेच हवा गिळते. मत्स्यतळ्यांत आणि सांडपाणी शुद्धीकरणात तेच काम यंत्रांकडून करून घेतात. पाण्यात विरघळलेले लोह हवेने गंजून तळाशी बसते आणि गाळता येते. सडक्या अंड्यासारखा वास देणारा वायूही बऱ्याच अंशी उडून जातो.

झरी जामणी आणि शेजारच्या केळापूर भागातल्या भूजलाचा जुना त्रास मात्र फ्लोराइडचा आहे. त्यावर हवा उपयोगी नाही. फ्लोराइड वायू होऊन उडत नाही आणि प्राणवायूने त्याचा गाळही होत नाही. त्यासाठी नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने विकसित केलेली, तुरटी आणि चुना वापरणारी नालगोंडा पद्धत किंवा सक्रिय अल्युमिनाची गाळणी लागते. बोअरच्या पाण्यात हवा सोडणारे साधन ‘पाणी शुद्ध करते’ म्हणून कुणी विकायला आले, तर पैसे मोजण्याआधी त्या पाण्यातले फ्लोराइड तपासून घ्यावे. १ लिटरमध्ये दीड मिलिग्रॅमपेक्षा ते जास्त निघाले, तर कितीही फेस आला तरी ते पाणी पिण्याजोगे होत नाही.