त्रेपन्नावा आठवडा

वर्षाचे आठवडे किती, असे कोणालाही विचारा. शाळकरी पोरसुद्धा क्षणाचा विलंब न लावता 'बावन्न' म्हणून मोकळे होईल. उत्तर चुकीचे नाही, पण पुरेही नाही. बावन्नाला साताने गुणले की ३६४ होतात. वर्षाचे दिवस मात्र ३६५. म्हणजे एक दिवस शिल्लक उरला. लीप वर्ष असले तर दोन. वर्षाच्या पदरात न मावणारा हा एवढासा दिवस. पण त्याने पंडितांना वादाला बसविले आहे, राज्यकर्त्यांना हार खायला लावली आहे आणि तुमच्या-आमच्या खिशालाही हळूच हात घातला आहे. मी मराठीचा अध्यापक. गणिताशी माझा संबंध पगारपत्रकापुरता. परंतु 'आठवडा' या शब्दाच्या मागे लागलो आणि त्या शब्दाने मला थेट गणिताच्या दारात नेऊन उभे केले.

नावात आठ, दिवस सात

शब्दच पाहा ना. दिवस सात आणि नाव आठवडा! याचे कारण आपली मोजण्याची जुनी तऱ्हा. या सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत दोन्ही टोके धरून मोजा; आठ होतात. 'आठा दिवसांनी या,' असे शिंपीबुवा सांगतात तेव्हा त्यांच्या मनात पुढचा तोच वार असतो. (कपडे त्या वारी मिळतात की नाही, हा प्रश्न वेगळा!) प्राचीन रोमन लोकांचा बाजार दर आठ दिवसांनी भरे आणि त्याच्या नावात मात्र नऊ हा आकडा. त्यांचीही रीत दोन्ही टोके धरण्याचीच.

दिवस आपल्याला सूर्याने दिला, महिना चंद्राने दिला, वर्ष ऋतूंनी दिले. आठवडा मात्र आकाशातल्या कोणत्याच फेऱ्याशी जुळत नाही. वारांना ग्रहांची नावे आहेत खरी, पण त्यांचा क्रम लावला तो माणसाच्या हिशेबाने. जुन्या समजुतीप्रमाणे पृथ्वीपासून सर्वांत दूरचा शनी. मग गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध आणि शेवटी चंद्र. दिवसाच्या चोवीस होरा या क्रमाने एकेकाला वाटून द्यायच्या. पहिली होरा शनीची धरली तर तीन फेऱ्या होऊन तीन होरा उरतात आणि दुसऱ्या दिवसाची पहिली होरा येते रवीच्या वाट्याला. म्हणून शनिवारनंतर रविवार. त्याच रीतीने रवीनंतर सोम, सोमानंतर मंगळ. 'होरा' हा शब्दच मुळी ग्रीकांकडचा. तेव्हा ही विद्या कोणत्या वाटेने आपल्याकडे आली, हे सांगायला नको.

आपल्याकडे वाराचे जे अगदी जुने उल्लेख सापडतात, त्यांतला एक मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण येथल्या दगडी स्तंभावर आहे. गुप्त राजा बुधगुप्त याच्या काळचा तो लेख. गुप्त संवत् १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि वार सुरगुरूचा, म्हणजे गुरुवार. इसवी सन ४८४. फ्लीटसाहेबांनी गुप्तांचे लेख प्रसिद्ध केले, तेव्हा अशा तिथिवारांचे गणित करून दिले ते आपल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडचा हा शाळामास्तर! त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली निघाला आणि पंचांगाविषयी काही लिहू पाहणाऱ्याला आजही त्या उंबरठ्यावरूनच आत जावे लागते.

ना क्षय, ना वृद्धी

तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पंचांगाची पाच अंगे. यांत वाराची जात निराळी. तिथीचा क्षय होतो, तिथीची वृद्धी होते. महिन्यात अधिक येतो, क्वचित क्षयमासही येतो. वाराचा मात्र ना क्षय, ना वृद्धी. सोमवारनंतर मंगळवार यायचा म्हणजे यायचाच.

पोप ग्रेगरीने १५८२ साली कालगणना सुधारली, तेव्हा ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला. दहा तारखा गडप झाल्या. पण ४ तारखेला गुरुवार होता आणि १५ तारखेला शुक्रवारच आला! तारखांवर पोपची सत्ता चालली, वारावर चालली नाही.

ज्यांनी ती चालवून पाहिली, त्यांची फजितीच झाली. फ्रान्सच्या क्रांतिकारकांनी १७९३ साली दहा दिवसांचा आठवडा काढला. सात दिवसांनी येणारी सुट्टी दहा दिवसांवर गेली. कष्टकऱ्याला हे कसे रुचावे? १८०५ अखेर ती सारी कालगणनाच गुंडाळावी लागली. सोव्हिएत रशियाने १९२९ साली पाच दिवसांचा आठवडा केला आणि कामगारांचे पाच गट पाडून प्रत्येकाला वेगळ्या दिवशी सुट्टी दिली. यंत्रे अखंड चालावीत हा हेतू. पण नवऱ्याची सुट्टी एका दिवशी आणि बायकोची दुसऱ्या, अशी घराघराची अवस्था झाली. १९३१ मध्ये सहा दिवसांचा प्रयोग झाला आणि १९४० साली मुकाट्याने जुने सात दिवस परत आले.

आपल्या देशाचाही या कथेत भाग आहे. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या समितीने राष्ट्रीय दिनदर्शिका आखली. २२ मार्च १९५७ पासून ती सरकारी कामात सुरू झाली. साहांच्या मनात याहून मोठी गोष्ट होती. प्रत्येक वर्ष रविवारीच सुरू व्हावे, तिमाही नेमकी तेरा आठवड्यांची असावी आणि उरलेल्या एका दिवसाला वारच देऊ नये, अशी 'जागतिक दिनदर्शिके'ची योजना भारताने संयुक्त राष्ट्रांपुढे मांडली. गणिताच्या दृष्टीने ती देखणी होती. पण बिनवाराचा दिवस आला की सातांची साखळी तुटणार. मग शनिवार पाळणारा ज्यू, शुक्रवार पाळणारा मुसलमान आणि रविवार पाळणारा ख्रिस्ती यांनी काय करावे? १९५६ साली योजना बासनात गेली. उरलेला दिवस उरलेलाच राहिला.

बहुमताचा गुरुवार

वार मोडत नाहीत, वर्ष बदलत नाही. मग आठवड्यांना क्रमांक द्यायचे कसे? डिसेंबरअखेरचा आठवडा अर्धा जुन्या वर्षात, अर्धा नव्यात. तो कोणाचा? १९८८ साली ठरलेल्या ८६०१ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकाने याचा निवाडा पंचायतीसारखा केला आहे. आठवडा सोमवारी सुरू होतो; त्याचा मधला दिवस गुरुवार. गुरुवार ज्या वर्षात पडेल, त्या वर्षाकडे आठवड्याचे निदान चार दिवस, म्हणजे बहुमत. तेव्हा आठवडा त्याचा! वर्षातला पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला आठवडा. ४ जानेवारी नेहमी त्यातच असते.

यातून गमती होतात. २०२४ च्या डिसेंबरातले शेवटचे दोन दिवस २०२५ च्या पहिल्या आठवड्यात गेले. उलट २०२१ ची १ जानेवारी २०२० च्या त्रेपन्नाव्या आठवड्यात पडली. जे वर्ष गुरुवारी सुरू होते किंवा गुरुवारी संपते, त्याला त्रेपन्न आठवडे. २०१५ ला होते, २०२० ला होते, २०२६ लाही आहेत. चारशे वर्षांत अशी वर्षे बरोबर ७१ येतात.

अमेरिकेत मात्र आठवडा रविवारी सुरू करतात आणि १ जानेवारी ज्यात येईल तो पहिला म्हणतात. माझा एक जुना विद्यार्थी चाकणच्या एका कारखान्यात माल पाठविण्याचे काम पाहतो. जर्मन गिऱ्हाईक तारीख सांगतच नाही. 'दहाव्या आठवड्यात माल हवा' एवढेच कळविते. २०२१ सालचा हा दहावा आठवडा जर्मन हिशेबाने ८ मार्चला सुरू झाला, अमेरिकन हिशेबाने २८ फेब्रुवारीला. आठ दिवसांचे अंतर! 'सर, आधी विचारतो, कोणाचा दहावा?' असे तो म्हणाला. तुम्हांलाही हा क्रमांक पाहावयाचा असेल तर आपल्या स्कूटरच्या टायरकडे पाहा. २००० सालापासून टायरवर चार आकडे असतात. १४२३ असेल तर तो टायर २०२३ च्या चौदाव्या आठवड्यात तयार झालेला. टायर नवा म्हणून विकणाऱ्याने तो किती दिवस फळीवर ठेवला होता, हे तेवढ्यावरून कळते.

हिशेब कोणाच्या हातात?

येथपर्यंतची गोष्ट मौजेची. पण आठवड्याचा खरा धनी कष्टकरी आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आपण ज्या रविवारी उशिरापर्यंत लोळतो, तो आभाळातून पडलेला नाही.

आणि ज्याला आठवडा मोजता येत नाही, त्याला तो महाग पडतो. 'महिन्याचे आठवडे चार' हे आपण इतके सहज बोलून जातो! समजा, एखादी बाई आठवड्याला ६०० रुपयांवर घरकाम करते. मालकीणबाई म्हणतात, 'आता महिन्याने देऊ. चार आठवड्यांचे २४०० झाले.' बाई मान डोलावते. पण बारा महिन्यांचे झाले २८,८००, आणि बावन्न आठवड्यांचे होतात ३१,२००. अख्ख्या महिन्याची मजुरी हवेत गेली, आणि लबाडी केली असे दोघींपैकी कोणालाच वाटले नाही.

हीच युक्ती जाणूनबुजून केली की तिला व्यापार म्हणतात. मोबाईलचे पैसे 'महिन्याचे' म्हणून भरावेत, तर मुदत अठ्ठावीस दिवसांची. अठ्ठावीस तेरे ३६४. म्हणजे वर्षाचे महिने बारा आणि रिचार्ज तेरा! अखेर २०२२ च्या जानेवारीत दूरसंचार नियामक प्राधिकरणाने प्रत्येक कंपनीला निदान एक योजना तीस दिवसांची आणि एक दर महिन्याच्या ठराविक तारखेची ठेवायला लावले. अठ्ठावीस दिवसांच्या योजनांना मात्र मज्जाव झाला नाही. गिऱ्हाइकाने आपल्या डोळ्यांनी पाहून घ्यायचे.

दिवाळीचा फराळ संपता संपता नवी कॅलेंडरे भिंतीवर येतील. एखादा महिना शनिवारी सुरू झालेला दिसेल; पाच रकाने भरले तरी ३० आणि ३१ ला जागा उरलेली नसेल आणि छापणाऱ्याने ते दोन आकडे पहिल्या रकान्याच्या रिकाम्या घरांत बसविले असतील. ते दोन आकडे तेवढे विसरू नका. कोणी 'महिन्याचे बोलू' म्हणाले की आधी शांतपणे विचारा: तुमचा महिना तीस दिवसांचा, की चार आठवड्यांचा?